सांधा कोणाच्या नावावर?

बंगल्याच्या दिवाणखान्यात किंवा फार्महाउसच्या व्हरांड्यात भिंतीएवढे मत्स्यालय हवे, अशी मागणी घेऊन येणारा ग्राहक आपल्या अनेक वाचकांना आता भेटला असेल. तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ च्या नूतनीकरणात अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला, दुबईच्या मॉलमधले मत्स्यालय पाहून आलेले शेजारी निघाले, आणि ‘काँक्रीटची टाकी बांधा, समोर काच बसवा’ एवढ्यावर काम सांगून मोकळे होता येते. आपणही ते तसेच घेतो. आरसीसी एकाकडे, वॉटरप्रूफिंग दुसऱ्याकडे, काच तिसऱ्याकडे. तिघेही आपापल्या कामात तरबेज असतात. गळती मात्र बहुधा या तिघांच्या कामांच्या मधल्या जागेतून होते आणि ती जागा कोणाच्याच कोटेशनमध्ये नसते. या अंकात स्टील, कोटिंग आणि फिल्टर यांवर स्वतंत्र लेख आहेत. इथे बोलायचे आहे ते फक्त या मधल्या जागेबद्दल.

आधी भार पाहू. टाकी आतून ३ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि पाणी १.५ मीटर खोल धरा. पाणी झाले ६,७५० लिटर, म्हणजे पावणेसात टन. काँक्रीटचे वजन निराळे. तळावर दर चौरस मीटरला दीड टन येतो. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ मध्ये धरलेला चल भार आहे २०० किलो. तेव्हा ‘वरच्या हॉलमध्ये घेऊ या’ ही सूचना जिथल्या तिथे संपवावी. या भारासाठी मुद्दाम डिझाइन केलेला स्लॅब नसेल, तर टाकी जमिनीवरच.

आता याच टाकीच्या दर्शनी भिंतीत १.८ मीटर रुंद आणि ०.९ मीटर उंच खिडकी घ्या, खालची कड तळापासून ०.३ मीटरवर. खिडकीच्या मध्यावर पाण्याची खोली ०.७५ मीटर येते, क्षेत्रफळ १.६२ चौरस मीटर. काचेवरचा रेटा झाला १,२१५ किलो, तोही रात्रंदिवस. टाकीची रुंदी निम्मी केली तर काच पातळ चालेल का, असे ग्राहक हमखास विचारतो. चालणार नाही. दाब खोलीवर ठरतो. मागे किती पाणी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

साधी काच चारी बाजूंनी टेकलेली धरून, मत्स्यालयांच्या हिशेबात सर्रास घेतला जाणारा ३.८ चा सुरक्षा गुणांक लावला, तर या खिडकीची जाडी २५ मिलिमीटरच्या पुढे जाते. दुकानात उत्तर मिळते, ‘बारा एमएम टफन लावा, काही होत नाही.’ टफन काच ताकदीने जास्त असते हे खरे, पण ती फुटते तेव्हा एकाच क्षणी सगळी भुगा होते. काचेत राहून गेलेल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे ती कोणी हात न लावताही फुटू शकते. लॅमिनेटेड काचेचा एक थर गेला तरी बाकीचे थर पाणी धरतात आणि टाकी उपसायला वेळ मिळतो. घरात पावणेसात टन पाणी असताना हा वेळच महत्त्वाचा.

अ‍ॅक्रिलिकचे गणित वेगळे आहे. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, ओरखडे पॉलिश करून घालवता येतात. पण सारख्या जाडीला ते काचेच्या वीसपटीहून जास्त वाकते, आणि तापमान २० अंशांनी बदलले तर १.८ मीटरचा पत्रा अडीच मिलिमीटर वाढतो. तेवढेच काँक्रीट अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. हा फरक सांध्याने पोटात घ्यायचा असतो. काचेसाठी केलेल्या बैठकीवर ऐनवेळी अ‍ॅक्रिलिक बसवणे म्हणूनच धोक्याचे.

यातून कामाचा क्रम ठरतो: खिडकी आधी, टाकी नंतर. पॅनेल कशाचे, किती जाड, कडेला किती टेकणार, हे ठरल्याशिवाय शटरिंगची फळी कापू नये. पॅनेल आतल्या बाजूने बसले पाहिजे, म्हणजे पाणी त्याला बैठकीवर दाबून धरते. बाहेरून चिकटवलेली काच पाणी रोज थोडी थोडी ढकलत असते. चारी बाजूंनी ७५ मिलिमीटर टेका धरला, तर वरच्या उदाहरणातली काच २५ मिलिमीटरचीच धरली तरी भरते सुमारे सव्वाशे किलो. ती आत उतरवायला टाकीच्या वर जागा लागते. डोक्यावर बीम टाकून झाल्यावर ही आठवण येऊन उपयोग नाही.

काँक्रीटसाठी आयएस ३३७० स्पष्ट आहे: एम ३० ग्रेड, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट. खिडकीच्या चारही कोपऱ्यांत तिरक्या सळया हव्यात, कारण भेग तिथूनच निघते. सर्वांत फसवी जागा म्हणजे खिडकीच्या खोक्याखालची. काँक्रीट दोन्ही बाजूंनी चढते, मध्ये हवा अडकते आणि शटरिंग काढल्यावर नेमक्या बैठकीखाली हनीकोंब दिसते. मग मिस्त्री गिलाव्याचा हात फिरवून ते सारखे करतो आणि काच त्या गिलाव्यावर टेकते. खोक्याच्या तळफळीला भोके ठेवली, तर हवा निघून जाते आणि माल वर आलेला डोळ्यांनी दिसतो. एवढ्याने हे सगळे टळते.

पॅनेल बसवण्याचा दिवस घाईचा नसावा. आदल्या रात्री बैठकीवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून ठेवावा. सकाळी खाली दव दिसले तर काम पुढे ढकलावे. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर जातीचे घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन काचेच्या लहान टाक्यांना चालते म्हणून सवयीने आणले जाते, पण काँक्रीटच्या अल्कलीपुढे त्याची पकड टिकत नाही. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांच्या मुळावर येते. बैठकीवर रबराचे ठोकळे ठेवून सिलिकॉनचा सलग जाड थर द्यावा आणि पॅनेल सावकाश दाबत न्यावे. काचेतून पाहिले की सिलिकॉन जिथे नीट लागले तिथे एकसारखा गडद पट्टा दिसतो. जिथे हवा राहिली तिथे चंदेरी ठिपका चमकतो. हा ठिपका कडेपर्यंत पोचत असेल, तर काच उचलून पुन्हा बसवावी. सिलिकॉन बाहेरून आत सुकत जाते, सुरुवातीला दिवसाला दोन-तीन मिलिमीटर आणि पुढे त्याहून सावकाश. रुंद सांध्याला त्यामुळे आठवडे लागतात. ग्राहकाचा गृहप्रवेश जवळ आला म्हणून रसायन घाई करत नाही.

चाचणीबाबत आमचे मत ठाम आहे. कोटिंग मारण्याआधी उघडे काँक्रीट तपासले पाहिजे. खिडकीच्या जागी आतून रबर शीट लावलेली जाड प्लाय बसवा, बाहेरून भक्कम टेकू द्या आणि टाकी भरा. प्लायच्या कडेने थोडे पाझरले तरी हरकत नाही. पाहायचे आहे ते काँक्रीट. भिंतीत पाणी मुरण्यासाठी सात दिवस, त्यानंतर सात दिवस निरीक्षण, आणि या काळात बाहेरचा पृष्ठभाग कोरडा राहिला तरच पास, हा आयएस ३३७० चाच नियम आहे. आधी कोटिंग आणि मग चाचणी, असा उलटा क्रम लावला की काँक्रीटचा दोष झाकला जातो आणि दोन वर्षांनी कोटिंगवाल्याच्या माथी येतो. नव्या काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो. त्यामुळे पिण्याच्या पाण्याला चालणारे इपॉक्सी मारल्यावरही टाकी भरून, रिकामी करून, पीएच स्थिरावल्याचे पाहूनच मासे सोडावेत.

१६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनच्या एका हॉटेलमधले अ‍ॅक्वाडोम हे प्रचंड मत्स्यालय फुटले. दहा लाख लिटर पाणी आणि सुमारे दीड हजार मासे रस्त्यापर्यंत वाहत गेले. तिथे पैसा कमी नव्हता आणि तज्ज्ञही होते. तरी तपासातून एकच निश्चित कारण हाती लागले नाही; पुढे आलेल्या शक्यतांपैकी एक होती चिकटवलेला सांधा निकामी होण्याची. तिथे ही गत, तर आपल्या साइटवर गळती लागल्यावर कोण काय सिद्ध करणार? आरसीसीवाला म्हणतो काच नीट बसली नाही, काचवाला म्हणतो बैठक वाकडी होती, वॉटरप्रूफिंगवाला वॉरंटीच्या कागदावर बोट ठेवतो. त्यावर खिडकीचा भाग वगळलेला असतो. तिघेही कदाचित खरे बोलत असतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अशा प्रत्येक कामात सांध्याचा एक स्वतंत्र कागद असावा. त्यावर बैठकीची रुंदी आणि सपाटी, पॅनेलची जाडी आणि तिचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरचे नाव, सिलिकॉनचा बॅच क्रमांक आणि मुदत, बसवल्याची तारीख, चाचणीतली रोजची पातळी. खाली सही एकाचीच. तो आरसीसीचा ठेकेदार असो वा काच बसवणारा, बैठकीच्या शटरिंगपासून पहिल्या भरणीपर्यंत सांधा त्याच्या ताब्यात राहील. या जबाबदारीचे पैसे त्याने कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लावावेत आणि ग्राहकाला ते का, हे समजावून सांगावे. ही ओळ पाहून ग्राहक कुरकुर करेल, एखादे काम हातचे जाईलही. पण तिघांपैकी एकही जण सही करायला तयार नसेल, तर ते काम कोणी घेऊच नये.