भांड्याजवळची गुरगुर

जळगावच्या दाणाबाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकान असलेल्या घरांत कुत्र्याचे पिल्लू येते ते बहुधा दोन कारणांनी : मुलांचा हट्ट आणि गोदामाची राखण. पहिला आठवडा कौतुकात जातो. मग एके दिवशी घरातील सून रिकामे होत आलेले भांडे उचलण्यास वाकते आणि दोन-अडीच महिन्यांचे ते पिल्लू अंग ताठ करून, दात दाखवून गुरगुरते. लगेच घरात दोन मते होतात. एक म्हणते, ‘आत्ताच वठणीवर आणा.’ दुसरे म्हणते, ‘घरात लहान मूल आहे, कुठे तरी सोडून या.’ दोन्ही निर्णय घाईचे ठरतात.

ही गुरगुर कृतघ्नपणाची नसते, बहुधा भीतीची असते. एका वेतातील पाच-सहा पिल्ले एकाच ताटलीवर तुटून पडतात. जो मागे राहील तो उपाशी, हा धडा त्यांना तेथेच मिळतो. आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडलेले पिल्लू अधिकच बिथरलेले असू शकते. पोटात जंत असले, अन्न अपुरे पडत असले किंवा कोठे दुखत असले, तरीही पिल्लू भांडे राखू लागते. म्हणून पहिली फेरी पशुवैद्यकाकडे व्हावी. जंताचे औषध, लसीकरण आणि वयाप्रमाणे आहाराचे प्रमाण तेथेच ठरवून घ्यावे.

प्रचलित उपाय मात्र वेगळेच असतात. कोणी पिल्लास बांधून ठेवतो, कोणी वर्तमानपत्राची गुंडाळी मारतो, कोणी ‘भूक लागली की येईल ताळ्यावर’ म्हणून भांडेच काढून घेतो. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. वरील तिन्ही उपाय या यादीत जवळजवळ जसेच्या तसे सापडतात. व्यवहाराच्या कसोटीवरही ते उतरत नाहीत. भांडे हिरावले जाईल ही पिल्लाची शंका त्यांनी खरी ठरते. मार खाऊन गुरगुर थांबली, तरी भीती आत राहते आणि पुढे इशारा न देताच चावा बसू शकतो. ‘सवय व्हावी’ म्हणून जेवताना भांड्यात हात घालणे, हाही त्याच जातीचा उपाय होय.

व्यापाऱ्यास पत म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. भांड्याजवळही पतच कमवावी लागते. जवळ येणारा हात घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठी येतो, हे पिल्लास पटले पाहिजे. 1904 चे नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत अन्न आणणारा माणूस दिसताच कुत्र्यांच्या तोंडाला लाळ सुटे. माणसाची चाहूल आणि अन्न यांची अशीच सांगड येथे घालावयाची आहे.

पिल्लास वर्दळीपासून दूर, शांत कोपऱ्यात, दिवसातून तीन-चार वेळा ठरल्या वेळी खाऊ घालावे. ते निवांत खाईल इतक्या अंतरावरून एका मोठ्या माणसाने जावे, पनीरचा लहानसा तुकडा भांड्याकडे टाकावा आणि न थांबता पुढे जावे. पिल्लू मान वर करून शेपूट हलवीत वाट पाहू लागले, की काही दिवसांनी एक पाऊल जवळ जावे. खाणे एकाएकी जलद झाले, अंग ताठरले किंवा मान भांड्यावर झुकली, तर एक पाऊल मागे यावे. तोंडातील वस्तू ओढून न घेता तिच्या बदल्यात अधिक आवडीचे काही द्यावे. एकावर विश्वास बसला, की घरातील इतर मोठ्यांनीही हाच क्रम पाळावा. यास काही आठवडे लागतात.

जैन घरांत चौविहारामुळे सायंकाळच्या जेवणाची वेळ ठरलेली असते. पिल्लाचे सायंकाळचे खाणेही त्याच सुमारास ठेवल्यास नियमितपणा आपोआप येतो. पर्युषणात घरची चूल मंदावली, तरी पिल्लाच्या वाट्यात कपात होऊ नये. उपवास हा स्वेच्छेचा असतो. शाकाहारावर वाढवावयाचे असल्यास पुरेशा प्रथिनांविषयी पशुवैद्यकाचा सल्ला आवश्यक आहे. नुसत्या दूध-पोळीवर ते भागत नाही. लाडाने मनुका व द्राक्षे मुळीच देऊ नयेत. ती कुत्र्यास विषारी ठरू शकतात.

या साऱ्या काळात लहान मुलांना भांड्याजवळ जाऊ देऊ नये. दात लागला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि रेबीज प्रतिबंधक लसीचे सर्व डोस पूर्ण करावेत. चावा बसला किंवा गुरगुर वाढतच गेली, तर घरगुती प्रयोग थांबवून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जाणकार प्रशिक्षकाची मदत घ्यावी. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्यास विनाकारण सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. एवढे करूनही पिल्लू ठेवणे अशक्यच झाले, तर त्याची सवय न लपविता, सांभाळू शकेल अशा घरी ते द्यावे.