कुलूप कंपनीचे, माल स्वतःचा

‘परवाना नसलेला माल’ म्हटले की आपल्या बाजारात लगेच ‘दोन नंबरचा माल’ असा अर्थ घेतला जातो. आमच्या मते या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. तो ज्या कारागिराला कळत नाही, तो एकतर विनाकारण घाबरतो, नाहीतर विनाकारण कोर्टकचेरीत अडकतो. अमेरिकेतील एका छोट्या व्हिडिओ गेम कंपनीची हकिकत या बाबतीत पाहण्यासारखी आहे.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने 1985 साली आपले गेमचे यंत्र अमेरिकेच्या बाजारात आणले. यंत्रात एक चिप आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये (आपल्याकडची मुले तिला कॅसेटच म्हणत) तिची जोडीदार चिप. दोघींची खूण पटली तर खेळ सुरू, नाहीतर पडदा नुसता लुकलुकत राहायचा. बाहेरच्याला खेळ काढायचा तर परवाना घ्यावा लागे. वर्षाला पाचच खेळ, कॅसेट निन्टेंडोच बनवून देणार, पैसे आगाऊ, आणि माल पडून राहिला तर नुकसान परवाना घेणाऱ्याचे. बेताचे भांडवल असलेल्याने या अटींवर धंदा कसा करावा?

कॅलिफोर्नियातील कलर ड्रीम्स या छोट्या कंपनीने वेगळी वाट धरली. तिच्या तंत्रज्ञाने यंत्रातील चिपला विजेचा बारीक झटका देऊन क्षणभर गप्प बसवण्याची युक्ती शोधली. खेळ स्वतःचे, यंत्र ग्राहकाने दाम मोजून घेतलेले. मात्र तिचे बरेचसे खेळ सुमार होते, हे सांगितले पाहिजे. शिवाय हा माल ठेवला तर निन्टेंडोचा पुरवठा बंद होईल, या धास्तीने मोठे दुकानदार हात लावीनात.

धंद्याची खरी अक्कल इथे दिसली. कंपनीने विज्डम ट्री या नावाने बायबलमधील कथांवर खेळ काढले आणि ते ख्रिस्ती धार्मिक पुस्तकांच्या दुकानांतून विकले. ही दुकाने निन्टेंडोचा काहीच माल विकत नव्हती, मग पुरवठा तोडण्याची धमकी देणार कोणाला? 1991 च्या ‘बायबल अ‍ॅडव्हेंचर्स’च्या सुमारे 3,50,000 प्रती खपल्याचे सांगितले जाते. पुढे 1994 साली निन्टेंडोच्या नव्या यंत्रासाठी नूहच्या नौकेवरचा खेळ आला. त्याच्या कॅसेटला वर एक खाच होती. ग्राहकाने घरातली निन्टेंडोची अस्सल कॅसेट त्यात खोचायची, म्हणजे खूण तिने पटवायची आणि खेळ याचा चालायचा!

कुलूप उघडण्याच्या पद्धतीवर मात्र बरेच अवलंबून असते. अटारी गेम्स या दुसऱ्या कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडून खोटे कारण दाखवून त्या चिपच्या प्रोग्रामची प्रत मिळवली. 1992 साली कोर्टाने तिच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला. त्याच वर्षी सेगा कंपनीच्या खटल्यात अ‍ॅकोलेडच्या बाजूने निकाल लागला. तिने बाजारातून यंत्र व कॅसेट विकत आणून त्यांचा अभ्यास केला होता आणि खेळ स्वतः लिहिले होते.

आपल्याकडे 1990 च्या दशकात एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याची जाहिरात करणारा जो माल घरोघरी गेला, तो या जातीचा नव्हे. त्यात दुसऱ्याचे खेळ उतरवून घेतलेले असत, आणि त्या आकड्यातले निम्मेअधिक तेच तेच! मिक्सरचा कपलर किंवा स्कूटरचा भाग बनवणाऱ्या आपल्या कारागिरांनी हा भेद ध्यानात घ्यावा. कंपनीच्या यंत्राला बसेल असा भाग स्वतःच्या नावाने विकणे एक, आणि त्याच भागावर कंपनीचे लेबल डकवणे दुसरे. दुसऱ्याला फसवणूक याखेरीज नाव नाही. अमेरिकेतले निकाल येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, तेव्हा पेटंट किंवा डिझाइन नोंदलेले आहे का, हे साचा बनवण्याआधी वकिलाकडून तपासून घ्यावे. साच्याच्या खर्चापुढे वकिलाची फी जड वाटू नये.

त्या जुन्या यंत्रांसाठी आजही छोटे कारागीर परवान्याविना नवे खेळ लिहून थोड्या थोड्या कॅसेट काढतात, आणि हौशी गिऱ्हाईक त्या घेते. नौकेचा तो खेळसुद्धा वीस वर्षांनी, 2014 साली, पुन्हा नव्या कॅसेटवर विक्रीस आला.