गून शो: रेडिओवरच्या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमाचे भाग अर्धवट का उरलेत?

तुम्ही ऑनलाइन एखादा जुना विनोदी कार्यक्रम ऐकताय. प्रेक्षक खदखदून हसतायत, पात्रं एकमेकांवर ओरडतायत आणि अचानक संगीत मध्येच तुटतं. पुढच्या क्षणी भलताच प्रसंग सुरू होतो. तुम्हाला वाटतं, अपलोड करणाऱ्यानंच काहीतरी गडबड केली असणार.

पण कधी कधी ही कात्री सत्तर वर्षांपूर्वी खुद्द बीबीसीनं चालवलेली असते. आणि कापलेला तुकडा बहुतेक वेळा कुणी जपून ठेवलेला नसतो.

'द गून शो' हा बीबीसी रेडिओवरचा कार्यक्रम याचं ठळक उदाहरण आहे. त्याचे काही भाग पूर्ण गेले, काही अर्धवट उरले. ते का गेले, परत कसे मिळाले आणि जे मिळालं नाही त्याची किंमत कुणाला मोजावी लागली, ते समजून घेऊ.

गून शो म्हणजे नेमकं काय?

२८ मे १९५१ रोजी 'क्रेझी पीपल' या नावानं हा कार्यक्रम सुरू झाला. जानेवारी १९६० पर्यंत दहा मालिकांमध्ये त्याचे सुमारे २४० भाग झाले. स्पाइक मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सिकम ही तीन मुख्य नावं. सुरुवातीला मायकेल बेंटीन हा चौथाही होता.

यातल्या गोष्टी फक्त रेडिओवरच शक्य होत्या. १९५४ च्या एका भागात 'लर्गी' नावाच्या भयंकर रोगाची साथ येते. पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांना हा रोग होत नाही, अशी बातमी पसरते आणि सरकार देशभर वाद्यं वाटायला निघतं. शेवटी कळतं की रोगच खोटा, सगळा डाव वाद्यं विकणाऱ्यांचा. व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड पाहणाऱ्याला ही गोष्ट जुनी वाटणार नाही. ब्रिटनमध्ये आजही किरकोळ आजारपणाला लोक गमतीनं 'लर्गी' म्हणतात.

बीटल्स आणि माँटी पायथनच्या मंडळींवर गून शोचा मोठा प्रभाव होता. ब्रिटनचे राजे चार्ल्स हेही त्याचे जुने चाहते.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

कार्यक्रमाचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये झाला. वडील ब्रिटिश लष्करात होते. त्याच्या बालपणाचा काही काळ पुण्यात गेला आणि पुढे कुटुंब रंगूनला गेलं. गून शोमध्ये बॅनर्जी आणि लालकाका अशी दोन भारतीय पात्रंही होती. मिलिगन आणि सेलर्स त्यांचे आवाज काढायचे.

रेकॉर्डिंग ठेवली का नाहीत?

कार्यक्रम लंडनच्या कॅम्डन थिएटरसारख्या ठिकाणी प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित व्हायचा. म्हणजे रेकॉर्डिंग होत होतं. प्रश्न ते जपण्याचा होता.

पहिलं कारण पैसा. चुंबकीय टेप महाग होती, त्यामुळे ती पुसून पुन्हा वापरली जायची. दुसरं कारण करार. कलाकार आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम किती वेळा पुन्हा लावायचा यावर मर्यादा होत्या. ती मुदत संपली की टेपचा उपयोग संपला, असा हिशेब. तिसरं कारण जागेचं आणि सवयीचं. लोक उद्या हे विकत घेऊन ऐकतील, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. रेडिओचा कार्यक्रम म्हणजे आजचं वर्तमानपत्र, उद्या रद्दी.

त्यामुळे पहिल्या तीन मालिकांमधलं फारच थोडं आज उपलब्ध आहे. पाचव्या मालिकेपासून, म्हणजे १९५४ च्या शरद ऋतूपासून परिस्थिती बरीच सुधारते.

मग भाग 'अर्धा' कसा हरवतो?

बीबीसीची ट्रान्सक्रिप्शन सर्व्हिस नावाची एक शाखा होती. निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या काढून त्या परदेशी रेडिओ केंद्रांना पुरवायच्या, हे तिचं काम. ऑस्ट्रेलियात गून शो अनेक दशकं वाजत राहिला, तो या व्यवस्थेमुळे.

पण परदेशी पाठवण्याआधी भाग कापला जायचा. त्या आठवड्यातल्या ब्रिटिश राजकारणावरचा विनोद बाहेर कुणाला कळणार? तो काढा. द्व्यर्थी वाक्य कुणाला खटकेल? तेही काढा. वेळ जास्त होतोय? गाणं कमी करा.

पुढे मूळ टेप गेली आणि तबकडी उरली. म्हणजे परदेशी केंद्रांसाठी कापलेली आवृत्तीच 'मूळ' म्हणून आपल्या हाती आली. जपलं गेलं ते निर्यातीमुळे, आणि तुटलं तेही निर्यातीमुळेच.

आणखी एक गंमत आहे. १९५७-५८ मध्ये याच शाखेसाठी गून मंडळींनी जुनी १४ स्क्रिप्टं पुन्हा सादर करून रेकॉर्ड केली. ही मालिका 'व्हिंटेज गून्स' म्हणून ओळखली जाते. त्यात शब्द जुने आहेत, पण आवाज आणि हशा काही वर्षांनंतरचा आहे.

हरवलेले तुकडे परत कोण आणतं?

बऱ्याचदा सामान्य श्रोते. पन्नासच्या दशकात काही हौशी लोक रेडिओसमोर मायक्रोफोन धरून किंवा वायर जोडून घरच्या टेपरेकॉर्डरवर कार्यक्रम उतरवून घेत. आवाजाला खरखर असते, मध्येच घरातल्या कुणाचा खोकलाही येऊ शकतो. पण त्यात न कापलेला भाग असतो.

तज्ज्ञ हे रेकॉर्डिंग स्क्रिप्टशी ताडून पाहतात आणि चांगल्या आवाजाच्या प्रतीत नेमका हरवलेला तुकडा जोडतात. इथे खरी अडचण वेगाची असते. दोन यंत्रांचा वेग किंचित वेगळा असला तरी त्याच माणसाचा आवाज वेगळा लागतो. अशा वेळी जुन्या रेकॉर्डिंगमधली विजेची गुणगुण कामी येते. ब्रिटनमध्ये वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. ती गुणगुण ५० च्या वर-खाली ऐकू आली, तर टेप किती वेगानं किंवा हळू चालली ते कळतं. एरवी नकोसा वाटणारा आवाज इथे मोजपट्टी बनतो.

बीबीसीनं सीडीवर आणलेल्या गून शोच्या संचांसाठी टेड केंडल या ध्वनितज्ज्ञानं वेगवेगळ्या प्रती एकत्र करून असंच काम केलं. चाहत्यांनी १९७२ मध्ये गून शो प्रिझर्व्हेशन सोसायटी स्थापन केली होती. २००१ मध्ये तर खुद्द बीबीसीनंच लोकांना आवाहन केलं: आमचे हरवलेले कार्यक्रम तुमच्याकडे असतील तर द्या.

असे शोध अजूनही लागतात. टोनी हॅनकॉक या विनोदी नटाच्या 'हॅनकॉक्स हाफ अवर' या रेडिओ मालिकेचा १९५५ मधला एक भाग कायमचा गेला असं मानलं जात होतं. २०२२ मध्ये तो सापडल्याची बातमी आली. त्यात पीटर सेलर्सचा आवाज आहे.

पण एवढा आटापिटा कशासाठी?

काही मिनिटांचे विनोद गेले तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. बिघडलं ते श्रेयाचं गणित.

आज बहुतेकांना तीन गून माहीत आहेत. चौथा, मायकेल बेंटीन, १९५२ मध्ये बाहेर पडला. त्याच्या काळातलं रेकॉर्डिंग जवळजवळ उरलं नाही, त्यामुळे त्याचं कामही विसरलं गेलं. लॅरी स्टीफन्स या सहलेखकाची गोष्ट याहून वाईट. त्यानं मिलिगनसोबत अनेक भाग लिहिले, त्यातले बरेचसे सुरुवातीचे. १९५९ मध्ये तो अवघ्या ३५ व्या वर्षी वारला. मिलिगन २००२ पर्यंत जगला, मुलाखती देत राहिला. साहजिकच 'गून शो म्हणजे मिलिगन' हे समीकरण पक्कं झालं.

मिलिगनचंही नुकसान झालंच. १९५२ च्या अखेरीस, तिसऱ्या मालिकेच्या काळात तो मानसिकदृष्ट्या कोसळला आणि काही भागांना मुकला. सहकाऱ्यांनी त्याच्याविना कार्यक्रम कसा सांभाळला, हे ऐकायला आज फारसं काही नाही.

कापलेलं सगळं पुन्हा ऐकवावं का?

हा वादाचा मुद्दा आहे. गून शोमध्ये रे एलिंग्टन या कृष्णवर्णीय संगीतकाराच्या रंगावरून केलेले विनोद आहेत. भारतीय पात्रांचे आवाजही त्या काळच्या ठोकळेबाज चष्म्यातून आलेले आहेत. आज ते कानाला खटकतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. काय प्रसारित करायचं हे प्रत्येक काळ ठरवू शकतो. सूचना देऊन लावा, नाहीतर लावूच नका. पण जपून ठेवायची प्रत मात्र पूर्णच हवी. काल ब्रिटिश विनोद परदेशात कळणार नाही म्हणून कात्री लागली, आज दुसऱ्या कारणानं लागेल. मूळ प्रत असेल तर उद्याचा माणूस तरी तपासू शकेल की आपण काय कापलं आणि का.

आपल्यासाठी यात काय आहे?

आपणही आज तशाच काळात आहोत. प्लॅटफॉर्म बंद होतात, मालिका एका रात्रीत ॲपवरून गायब होतात आणि मागे उरते ती तीस सेकंदांची रील. काही वर्षांनी तीच रील 'मूळ' समजली जाईल.

शिवाय घरातल्या माळ्यावर जुन्या कॅसेट किंवा टेपच्या रिळी असतीलच. त्या रद्दीत देण्याआधी वरचं लेबल वाचा. टेपला बुरशी लागली असेल तर घाईनं यंत्रात घालू नका, एकदा तुटली की तुकडा गेलाच. आधी जाणकाराला दाखवा. त्यात आजीचा आवाज असेल, गावच्या तमाशाचं रेकॉर्डिंग असेल किंवा रेडिओवरून उतरवून घेतलेलं एखादं नभोनाट्य. त्याची दुसरी प्रत कुठेतरी असेलच, असं बीबीसीसारख्या संस्थेलाही खात्रीनं म्हणता आलं नव्हतं.