हिरवा पडदा, हिरवा चुडा

मैत्रिणींनो, हल्ली तुमच्यापैकी कितीतरी जणी घरच्या घरी मोबाइलवर चित्रण करतात. कुणी पाककृती दाखवतं, कुणी रांगोळी, तर माझ्यासारखी एखादी मुलांचे धडे. त्यांच्यासाठी माझ्या फजितीची ही हकीकत.

२०२० चा श्रावण. शाळा बंद. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी मी जलचक्राचा धडा चित्रित करायचा घाट घातला. मागे हिरवी चादर टांगली की तिच्या जागी ढग-डोंगरांचं चित्र बसवता येतं, असं भाच्यानं सांगितलं होतं. धडा झाला, पाहायला बसलो, तर काय! माझे दोन्ही पंजे मनगटापासून तुटून अधांतरी हलताहेत आणि मधून ढग दिसताहेत. श्रावण म्हणून भरलेला हिरवा चुडा चादरीबरोबरच गडप!

सासूबाई चरकल्याच. "सूनबाई, असलं काही करू नकोस गं," म्हणाल्या. भाचा म्हणाला, "मामी, बांगड्या काढा अन् पुन्हा करा." त्यावर घरात जे झालं, ते न सांगितलेलंच बरं!

खरं पाहता दोष बांगड्यांचा नव्हता. यंत्राला चादर कळत नाही, बांगडी कळत नाही; 'हिरवं ते काढ' एवढंच कळतं. हिरवा रंग वापरतात तो दोन कारणांनी. माणसाच्या कातडीच्या रंगापासून तो दूर असतो, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातले निम्मे टिपणारे कण हिरव्यासाठीच असतात. पण हिरवाच हवा असं मुळीच नाही. आपल्या म्हैसूरच्या साबूनं काम केलेल्या 'द थीफ ऑफ बगदाद' या १९४० च्या चित्रपटात निळाच पडदा वापरला होता.

हे ऐकल्यावर सासूबाईंनी आपणहून ट्रंकेतून गोधडीच्या अस्तराचं निळं कापड काढून दिलं. बांगड्या हातातच राहिल्या!

तुम्ही करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा:

आधी अंगावरचं पाहा, मग पडदा निवडा. साडी, काठ, बांगड्या, हातातली वस्तू, यांत नसलेलाच रंग हवा. मोरपंखी पैठणी असेल तर हिरवा नको नि निळाही नको; सरळ साध्या भिंतीपुढे बसा. लाल-केशरी पडदा टाळा, तो चेहऱ्याच्या रंगाशी गल्लत करतो.

कापड सुती, बिनचमकीचं, इस्त्री केलेलं असावं. चुणीची सावली पडली की रंग बदलतो. पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे बसा, नाहीतर त्याचा रंग गालांवर उतरतो. चकचकीत बांगडी, चष्मा, स्टीलची वाटी यांत पडद्याचं प्रतिबिंब पडतं आणि तिथं भोक दिसतं, तेवढं जपा. आधी दहा सेकंदांचं चित्रण करून पाहा.

चूक होऊन गेली असेल, तर रंग काढण्याचं प्रमाण हळूहळू कमी करून पाहा. बांगडीची छटा पडद्याहून थोडी वेगळी असेल तर ती वाचते. नाही वाचली, तर हाताभोवती रेघ आखून तो भाग वगळावा लागतो. पण हात हलला की रेघही हलवायची. आणि मोबाइल सेकंदाला साधारण तीस चित्रं घेतो, म्हणजे मिनिटाला अठराशे! त्यापेक्षा पुन्हा चित्रण केलेलं परवडतं.

आणि कुणी बांगड्या काढायला सांगितल्या, तर आधी पडदा बदलून पाहा.