बटाटा वर्ज्य, प्रवाळ पायाखाली

जैन टूर म्हणजे काय? तर जिथे कांदा, लसूण, बटाटा नाही ती टूर. एवढीच व्याख्या आपण करून ठेवली आहे आणि तिच्यावर आपण बेहद्द खूश आहोत. स्वित्झर्लंडला जा नाहीतर बँकॉकला, आपलं किचन आणि आपले महाराज सोबत असले की यात्रा शुद्ध!

यंदा आमच्या चलथाणच्या महिला मंडळाची अंदमानची ट्रिप ठरते आहे. चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली की पुढे डिसेंबरात निघायचं. मीटिंग तीन तास चालली. त्यातला बहुतेक वेळ खाखऱ्याचे डबे, उकळलेलं पाणी आणि ठेपले किती दिवस टिकतात यात गेला. मी त्याची चेष्टा करत नाही. उलट एका भाभींनी शोधून काढलं की अंदमान इतकं पूर्वेला आहे की हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो. घड्याळ मात्र आपलंच. म्हणजे चौविहार करणाऱ्यांचं जेवण साडेचारला आटपायला हवं आणि बोटीच्या वेळा त्याप्रमाणे लावायला हव्यात. हे एजंटला सुचलं नव्हतं. आपल्या बायकांचं डोकं अशा ठिकाणी फार बारीक चालतं.

म्हणूनच मला राग येतो. ताटाबाबत इतकं बारीक चालणारं हे डोकं पाण्याच्या काठाशी आलं की बंद का पडतं?

छापील कागदावर लिहिलं होतं: स्नॉर्कलिंग, काचेच्या तळाची बोट, फिश फीडिंग. एजंट कौतुकाने म्हणाला, माशांना घालायला बिस्किटाचा पुडा आमच्यातर्फे फ्री. सगळ्यांना बरं वाटलं, जीवदया झाली! मी विचारलं, पाण्याखाली खडकासारखं जे दिसतं त्यावर लोक पाय ठेवतात का? तो म्हणाला, हो हो, पोहता येत नसेल तर उभं राहता येतं, घाबरायचं काही कारण नाही.

बायांनो, तो खडक नाही. ते प्रवाळ आहे. चुन्याच्या त्या घरात बारीक बारीक जीव राहतात, प्रत्येकाला तोंड आहे, तोंडाभोवती हात आहेत, आणि बरेचसे रात्री हात बाहेर काढून अन्न धरतात. काही जाती वर्षाला एक सेंटिमीटरसुद्धा वाढत नाहीत. तुमच्या माझ्या वयाचा प्रवाळाचा गोळा फार तर दोन वितींचा असेल. त्यावर एका हौशी माणसाने फोटोसाठी उभं राहायचं, पायातल्या त्या बदकासारख्या पंख्याने एक फटका मारायचा, की पन्नास वर्षांचं काम संपलं. समुद्राच्या तळाचा शंभरातला एक हिस्सासुद्धा प्रवाळाने व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे पाव जातींचा आसरा तिथे आहे.

आणि हे आपल्याला कुणी नवीन सांगायला नको होतं. पाठशाळेत आपण जीवविचार घोकला. त्यात पृथ्वीकायाच्या यादीत स्फटिक, मणी, रत्नं यांच्याबरोबर विद्रुम आहे. विद्रुम म्हणजे पोवळं, म्हणजेच प्रवाळ. विज्ञान त्याला प्राणी म्हणतं, शास्त्र पृथ्वीकाय म्हणतं. त्यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. जीव आहे यावर दोघांचं एकमत आहे, आणि पाय न ठेवायला तेवढं पुरे. पाठ केलेली गाथा ज्या दिवशी खरोखर डोळ्यांसमोर येणार, त्याच दिवशी आपण ती विसरायची?

अंदमानचं प्रवाळ आधीच आजारी आहे. २०१०च्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला की कितीतरी प्रवाळ पांढरं पडलं. प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न देणारं शेवाळ उष्णतेने निघून जातं आणि मागे नुसता पांढरा सांगाडा दिसतो. त्याआधी २००४ची त्सुनामी. २०२४मध्ये तर जगभरच पुन्हा ही पांढरं पडण्याची साथ जाहीर झाली. आजाऱ्याच्या खोलीत आपण कसे वागतो? पावलं न वाजवता जातो, पलंगावर चढून उभे राहत नाही.

बिस्किटाचं बोलू. कबुतराला दाणे, गाईला रोटली आणि माशाला पारले, असं आपलं सरळ गणित आहे. पण प्रवाळावर राहणारे कितीतरी मासे त्यावरचं शेवाळ खरवडून खातात, म्हणून प्रवाळाला श्वास घ्यायला जागा उरते. त्यांना मैद्याची चटक लावायची, ते बोटीमागे धावणार, इकडे शेवाळ माजणार. हे पुण्य कुणाच्या खात्यात जमा करायचं?

शंख-कवड्या वेचणं हा तर आपला बायकांचा खास उद्योग. जीवविचारात शंख आणि कवडी बेइंद्रियात पहिल्याच ओळीत येतात, हेही पाठ आहेच. रिकामा दिसलेला शंखसुद्धा पुष्कळदा रिकामा नसतो, त्यात खेकडा बिऱ्हाड करून असतो. प्रवाळाचा तुकडा पर्समध्ये टाकला तर तो सरळ गुन्हा आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, जिथे वाघ आहे तिथे, २००१पासून प्रवाळ आहे. आणि मंगळासाठी बोटात पोवळं घालणाऱ्या भाभींनी रागावू नये, पण रेशमाचं कळल्यावर ज्या घरांनी पटोळीसुद्धा देऊन टाकली, त्या घरांत पोवळ्याबद्दल प्रश्न कधी निघाला नाही याचं मला नवल वाटतं.

यावर एका ज्येष्ठ बेनचं म्हणणं असं की मग समुद्रात उतरायचंच कशाला, पाणी स्वतःच अप्काय, असंख्य जीव. बरोबर. ज्यांनी तसा नियम घेतला आहे त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण मग विमान नको, स्पीडबोट नको, चलथाण स्टेशनच नको. तिकीट काढून, दीड-दोन तास बोटीने स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला जाऊन, किनाऱ्यावर बसून अप्कायाची दया येते म्हणणं मला पटत नाही. ती दया नाही, ती पाण्याची भीती आहे, आणि भीतीला भीती म्हणायला लाज कसली.

ही भीतीही आपली एकटीची नाही, ती शिकवलेली आहे. आपल्याला समुद्र ठाऊक आहे तो डुमसचा. काळी वाळू, टोमॅटोची भजी, पाय भिजले की परत. माझं माहेर अमळनेरचं, तिथे तर तेवढाही नव्हता. सहलीत पुरुष आणि मुलं पाण्यात जातात, बायका चपला, मोबाईल आणि ओले टॉवेल सांभाळत बसतात. यावेळी तर फक्त बायकांची ट्रिप, तरी यादीत स्नॉर्कलिंगपुढे ‘ज्यांना हवं त्यांनी’ असं लिहिलं आणि चव्वेचाळीसपैकी सहा हात वर झाले. बाकीच्या काठावरून माशांना बिस्किटं घालणार! मला वाटतं, बिस्किट फेकणारा हात आणि काठावर बसलेली बाई यांचा संबंध आहे. जिने चष्मा लावून एकदा तोंड पाण्यात घातलं, खालचं ते हलतं-चालतं जग दोन हातांवरून पाहिलं, ती त्यावर पाय देणार नाही, नातवालाही देऊ देणार नाही. घरात काय शिजेल हे ठरवणारी तीच असते. पाण्यात काय चालेल हेही तिने ठरवावं.

पोहता येत नाही ही सबब नाही. लाईफ जॅकेट घालून, रिंग धरून, शिकवणाऱ्याच्या सोबतीने वर तरंगत बघता येतं. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हट्ट करू नये. कपड्यांची लाज वाटते? अंगभर बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मिळतो, सुरतेत हवा तेवढा. उलट तोच चांगला, कारण अंग झाकलं की सनस्क्रीन कमी लागतं. त्यातल्या ऑक्सिबेंझोनने प्रवाळाला अपाय होतो म्हणून हवाईत २०२१पासून तशा क्रीमची विक्री बंद आहे. सासूबाईंची अंगभर कपड्यांची शिस्त इथे अशी कामाला येते.

तेव्हा एजंटला पुढचे प्रश्न विचारायचे आणि उत्तर लेखी घ्यायचं. बोट बांधायला तिथे कायमचा बोया आहे, की दर खेपेला प्रवाळावर नांगर टाकता? एका गाईडमागे पाण्यात किती जणी? उथळ जागी उभं राहू देता का? देत असाल तर ती जागा आम्हाला नको. फिश फीडिंग यादीतून काढा, पैसे कमी करू नका. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३पासून आहे, तिथलं जॉली बॉय बेट पावसाळ्यात बंद ठेवतात, वनखात्याची परवानगी लागते, प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ देत नाहीत. आपल्या उकळलेल्या पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या तिथे सगळ्यांत शहाण्या ठरतील. एक दिवस तिथला घ्या.

ज्या दोघी-तिघींना स्कूबा करायचं आहे त्यांच्यासाठी एक बदल. डुबकीनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असं सांगतात, आणि आपल्या कागदावर स्कूबा नेमकं निघायच्या सकाळी टाकलं आहे. ते दोन दिवस आधी घ्या. शेवटचा दिवस श्री विजयपुरमला जमिनीवर काढा, सेल्युलर जेल सावकाश बघा, आणि जेवण साडेचारला.