चार्ली सांभाळला, आता गंमत सांभाळा

चार्ली चॅप्लिनचे मूकपट आज कोणालाही घरबसल्या पाहायला मिळतात आणि त्याचे श्रेय आपण बिनदिक्कत इंटरनेटला देऊन टाकतो. माझ्या मते ते श्रेय घरच्यांची बोलणी खात रिळे, कॅसेट आणि सीड्या जमवणाऱ्या छंदिष्टांचे आहे. असे छंदिष्ट भंडारा जिल्ह्याला याच वर्षी हवे आहेत. चार्लीची काळजी घ्यायला जग समर्थ आहे. आपल्याला ते हवेत मंडईतल्या खडी गंमतीसाठी आणि झाडीपट्टीच्या विनोदी नाटकांसाठी.

हे मी कोणत्या अधिकाराने म्हणतो, तेही सांगतो. तुमसरला माझी कॅसेट लायब्ररी होती. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने द्यायचो, लग्नाघरी रात्रभराचे पिक्चर लावून द्यायचो. कॅसेट तीन तासांची आणि हिंदी पिक्चर अडीच तासांचा. उरलेल्या टेपवर बाकीचे दुकानदार गाणी भरत. मी चार्ली भरायचो, नाहीतर लॉरेल-हार्डी. दोन रिळांचे हे पट वीस-पंचवीस मिनिटांचे, त्या जागेत नेमके बसत. गिऱ्हाइके आधी कुरकुरली. पुढे पुढे तीच दुकानात शिरताच विचारू लागली, "मांगं जाड्या-रड्या आहे ना, भाऊ?"

चिखला आणि डोंगरी बुजरुकच्या मॅंगनीज खाणींतले कामगार पगार झाला की वर्गणी काढून व्हीसीआर नेत. कोणाची बोली छत्तीसगढी, कोणाची हिंदी, कोणाची आपली झाडी. त्या सगळ्यांचा लाडका पट म्हणजे 'द म्युझिक बॉक्स'. १९३२ चा बोलपट, पण इंग्रजीवाचून कुणाचे काही अडत नाही. जाड्या आणि रड्या खोक्यात बांधलेला पियानो लांबलचक पायऱ्यांवरून टेकडीवरच्या घरात पोचवायला निघतात. मध्येच बाबागाडी घेऊन बाई आडवी येते, पोलीस येतो, आणि दर वेळी खोके गडगडत पार रस्त्यावर जाते. मोठ्या मुश्किलीने वर पोचल्यावर पोस्टमन विचारतो, मागच्या बाजूने गाडीरस्ता असताना पायऱ्यांवरून का आणलेत? ते ऐकून हे दोघे पियानो पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरवून खाली नेतात, गाडीत चढवतात आणि रस्त्याने वर आणतात. इथे खाणीतली माणसे अक्षरशः लोळायची. साहेबाच्या हुकमापायी केलेले काम पुन्हा करण्याचा अनुभव त्यांना नवा नव्हता. विनोदी लघुपटासाठीचे पहिले ऑस्कर याच पटाला मिळाले, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते.

पुढे सीडी आली आणि कॅसेटचा धंदा बसला. २००७ च्या सुमारास मोजर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याने नेणार कोण? मी मात्र त्याच काळात खरा संग्राहक झालो. बसस्टँडवरच्या गाड्यांवर, नागपूरच्या सीताबर्डीत, जिथे म्हणून चार्ली दिसला तिथे घेतला. घेता घेता एक गोष्ट कळली. एकच 'द इमिग्रंट' तीन सीड्यांवर तीन वेगवेगळ्या लांबीचा निघतो. कुठे शेवट कापलेला, कुठे पाट्या गाळलेल्या, कुठे एकच पियानोची धून सुरुवातीपासून शेवटापर्यंत फिरत राहिलेली. कुठे माणसे तुरुतुरु पळतात. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रे घेत. ती बोलपटाच्या चोवीसच्या गतीने चालवली की चार्ली पळू लागतो. पुष्कळांना वाटते, तो तसाच चालत असे. चांगली प्रत आणि वाईट प्रत यांत किती अंतर असते, हे अशा दहा सीड्या शेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही.

आता नेहमीचा आक्षेप. "काका, सगळे यूट्यूबवर आहे, हा कचरा कशाला?" त्यावर माझ्याकडे एक गोष्ट आहे. लॉरेल-हार्डीच्या १९२७ च्या 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' या मूकपटात शेकडो पाय एकमेकांच्या तोंडावर फेकण्याची जगप्रसिद्ध मारामारी आहे. पाय म्हणजे मलईचे गोड पदार्थ, गैरसमज नको. या पटाचे दुसरे रीळ संपूर्ण रूपात कित्येक दशके हरवले होते. १९५७ साली एका संकलनपटात त्यातली काही मिनिटे वापरली होती, तेवढीच जगाजवळ उरली. २०१५ मध्ये ते रीळ सापडले, तेही एका खासगी संग्रहात. जॉन मिरसालिस या संग्राहकाने जुन्या संग्राहकाकडची रिळे घेतली होती, त्यांत ते निघाले. कोणीतरी 'कचरा' ठेवला होता, म्हणून यूट्यूबला काही मिळाले.

आपल्याकडची हकिगत इतकी गोड नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर'बरोबर 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी पट दाखवला होता. म्हणजे विनोदी लघुपट ही मराठी माणसाची अगदी आरंभापासूनची चीज. आज त्याची प्रत नाही. फार मागे जायलाही नको. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर आले ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात. त्या काळी टेप महाग, जुना कार्यक्रम पुसून त्यावरच नवा घेत. त्या मालिकेचे बहुतेक भाग आज पाहायला मिळत नाहीत. जे लाखो घरांनी पाहिले त्याची ही गत, तर मंडईतल्या गंमतीला कोण विचारतो?

दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. दुपारी भर उन्हात उभ्याने चालणारी खडी गंमत, रात्री दंडार किंवा नाटक. शाहीर, लुगडे नेसलेला नाच्या, ढोलकी, तुणतुणे आणि बोलण्यात कुणाला न ऐकणारा गंमत्या. या विनोदाची संहिता बहुधा नसतेच. गावात शिरताना चहाच्या टपरीवर जे कानावर पडले, ते तासाभरात खेळात येते. चार्लीही असेच करत असे. १९८३ च्या 'अननोन चॅप्लिन' या मालिकेने त्याचे टाकून दिलेले चित्रीकरण जगाला दाखवले, तेव्हा लक्षात आले की हा गृहस्थ कागदावर न लिहिता कॅमेऱ्यासमोरच विनोद घडवत होता, मोडत होता, पुन्हा घडवत होता. ते टाकाऊ चित्रीकरणही एका संग्राहकाकडेच टिकले होते. जो विनोद लिहिलेला नसतो, तो चित्रीकरण गेले की मुळासकट जातो. नाटक निदान वहीत सापडते.

झाडीपट्टीत व्हीसीडीच्या काळात लग्नाची शूटिंग करणाऱ्यांनी असे खेळ टिपले आहेत. माझ्या संग्रहातली लाखनीकडची एक सीडी घ्या. वर मार्करने 'गंमत भाग २' एवढेच लिहिलेले. भाग १ कुठे आहे, देव जाणे. सुरुवातीला लग्नाच्या सीडीचीच गुलाबाची चौकट आणि शूटिंगवाल्याचा मोबाइल नंबर. कलावंतांची नावे नाहीत, गावाचे नाव नाही, साल नाही. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये शिरून किरकिर करतो. गंमत्या संडासाच्या अनुदानावरून सरपंचाची उडवत असतो, आणि शूटिंगवाला नेमका त्या क्षणी कॅमेरा पहिल्या रांगेकडे वळवतो. सरपंच आधी हसावे की नाही म्हणून आजूबाजूला बघतात, बायको हसते आहे हे दिसल्यावर मग मोकळेपणी हसतात. चार-पाच सेकंदांचा प्रसंग, पण कोणत्याही मोठ्या दिग्दर्शकाने हेवा करावा असा. थोडे पुढे गेले की सीडी अटकते, पडद्यावर नुसते चौकोन.

घरी भरलेल्या सीडीचे हेच होते. कारखान्यात छापलेली सीडी बरीच टिकते. रायटरवर भरलेल्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उकाडा, ओल यांनी तो थर उडतो. भंडाऱ्याचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही तिच्या मुळावर. त्यात शूटिंगवाले नवा कॉम्प्युटर घेतात, जुना डेटा पुसतात. त्यांना दोष देता येत नाही, जागा त्यांना पुढच्या लग्नासाठी हवी असते.

झाडीपट्टीचे नट, गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका, असा त्यांचा लौकिक. आपण ढोल वाजवले, ते योग्यच झाले. पण झाडीपट्टीच्या विनोदी नटाने उभ्या हयातीत काय केले हे उद्या एखाद्या साकोलीच्या पोराला पाहावेसे वाटले, तर आपण त्याला काय दाखवणार? सत्काराचे फोटो?

काम अवघड नाही. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागाने पुढाकार घ्यावा. एक यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणि दोन हार्ड डिस्क एवढ्यावर सुरुवात होते. एक टीबीच्या डिस्कवर सुमारे चौदाशे व्हीसीडी मावतात. सारख्याच दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत. सीडी पुसायची ती मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. बुरशी लागलेली कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घालायची नाही, हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. टीव्हीसमोर मोबाइल धरून केलेली नक्कल चालणार नाही, मूळ फाइलच हवी. आणि प्रत्येक खेळामागे एक कागद: गाव, साल, मंडळ, शाहीर, नाच्या, ढोलकीवाला, गंमत्या, शूटिंग कोणाचे.

कायद्याचेही पाहावे लागेल. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षे चालतो. त्यामुळे चार्लीचे १९१४ ते १७ चे पट आणि 'द म्युझिक बॉक्स' आपल्याकडे केव्हाच मोकळे झाले आहेत. शाळेने खुशाल लावावेत, फक्त नव्याने घातलेल्या संगीताचा हक्क कोणाचा आहे ते बघावे. गंमतीचे तसे नाही. कलावंताचा आपल्या प्रयोगावरचा हक्क ५० वर्षांचा असतो, आणि नाच्याचे काम करणाऱ्या कित्येकांना तो हक्क आहे हेच कोणी सांगितलेले नाही. म्हणून आधी त्यांच्या घरी जायचे, सही घ्यायची, आणि विचारल्याशिवाय एकही तुकडा इंटरनेटवर टाकायचा नाही. ग्रंथालयात रविवारी एक चार्ली आणि एक गंमत लागोपाठ दाखवा. पोरांना कशाचे जास्त हसू येते ते बघाच. माझी पैज गंमतीवर आहे.

मंडई मंडळांना एवढेच सांगणे. यंदा गंमतीची सुपारी देताना बोलणीतच ठरवून टाका: पूर्ण खेळाचे चित्रीकरण होईल, सगळ्या कलावंतांची नावे पडद्यावर येतील, एक प्रत ग्रंथालयात जाईल आणि एक शाहिराच्या घरी. खर्च कुठून काढायचा म्हणाल, तर व्यासपीठावरचे पाहुणे थोडे कमी करा. हारतुऱ्यांतून एवढा पैसा सहज निघतो.