लाघवाचे भक्त आणि लाघवाचा घात

इंग्लंडात नॉर्फोक परगण्यात हेथेल नावाचे एक लहानसे ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे विमानतळ होता. १९६६ पासून तेथे लोटस या नावाने हलक्या, चपळ मोटारी बनविणाऱ्या कंपनीचा कारखाना आहे. या कारखान्यातून पुढे कोणती गाडी बाहेर पडणार, याविषयी देशोदेशींच्या हौशी मंडळींत अखंड वाद चालू असतो. तिचे नाव काय, तिच्या एंजिनाची अश्वशक्ती किती, ती पेट्रोलवर चालणार की विजेवर, या प्रश्नांवर रात्री जागविल्या जातात. आच्छादन चढवून रस्त्यावर काढलेल्या एखाद्या नमुन्याचे धूसर छायाचित्र हाती लागले, की आरशाच्या वळणावरून सबंध गाडीची कुंडली मांडली जाते. लोटसच्या बहुतेक गाड्यांची नावे इंग्रजी ‘ई’ या अक्षराने सुरू होतात. तेवढ्या सूत्रावरून नामकरणविधी उरकणारेही आहेत. या सर्व तर्कपांडित्यास आमचा विरोध आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

यावर कोणी म्हणेल, की रिकाम्या वेळचा हा निरुपद्रवी खेळ. यात कोणाचे काय गेले? ज्योतिष्याने भविष्य वर्तविले म्हणून ग्रहांची गती थोडीच बदलते? दृष्टांत चांगला आहे, पण तो येथे लागू पडत नाही. ग्रहांना ज्योतिष्याचे बोलणे ऐकू येत नाही. कारखानदाराला गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकू येते. हौशी लोक ज्या गोष्टींची चर्चा करतात त्यांनाच बाजारात किंमत येते, आणि ज्यांची करीत नाहीत त्या हळूहळू गाडीतून नाहीशा होतात. लोटसच्या बाबतीत जी गोष्ट नाहीशी होत आली आहे, ती म्हणजे लाघव. म्हणजे ज्या एका गुणासाठी ही कंपनी जन्मास आली, तोच गुण.

या कंपनीचा जनक कॉलिन चॅपमन (१९२८–१९८२) हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकलेला. एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीची मोडतोड करून त्याने १९४८ मध्ये आपली पहिली मोटार उभी केली व १९५२ मध्ये कंपनी काढली. ‘आधी सोपे करा, मग हलके करा’ अशा आशयाचे वचन त्याच्या नावावर प्रसिद्ध आहे. ते त्याने नेमके कोणत्या शब्दांत उच्चारले याचा खल करण्याचे कारण नाही, कारण त्याच्या गाड्या तेच सांगतात. १९६२ मध्ये त्याने शर्यतीच्या गाडीतील नळ्यांचा पिंजरा काढून टाकला आणि गाडीचे कवच हाच तिचा सांगाडा केला. त्या ‘लोटस २५’ गाडीत बसून जिम क्लार्कने १९६३ चे जगज्जेतेपद मिळविले. १९९६ मध्ये विक्रीस आलेली एलीझ ही त्याच परंपरेतील. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून बनविलेला तिचा सांगाडा अवघा ६८ किलोंचा होता, आणि सबंध गाडी सुमारे ७२० किलोंची. एंजिन ११८ अश्वशक्तीचे, म्हणजे कोणत्याही साध्या घरगुती गाडीत शोभावे असे. तरीही ती आपल्याहून दुप्पट किमतीच्या गाड्यांना वळणावर लाजवीत असे.

हा चमत्कार नव्हे, साधे पदार्थविज्ञान आहे. गाडीचे वजन वाढले की तिला थांबविण्यास मोठे ब्रेक लागतात; मोठ्या ब्रेकांना मोठी चाके, मोठ्या चाकांना जाड दांडे, आणि या सर्वांना ओढण्यास मोठे एंजिन. मोठे एंजिन पुन्हा वजन वाढविते, आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उलट दहा किलो कमी केले, तर त्यांच्या पाठोपाठ आणखी चार-दोन किलो आपोआप गळतात. शक्तीचा उपयोग मुख्यतः सरळ रस्त्यावर. हलकेपणाचा उपयोग सुटताना, वळताना, थांबताना, सर्वत्र. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, ती त्याहून कमीच वाढते. वजनाची भरपाई शक्तीने करणे म्हणजे कर्जाची फेड नव्या कर्जाने करणे होय; हप्ता भरला जातो, ऋण मात्र वाढतच राहते.

लाघवाला त्याची काळी बाजू आहे, आणि ती झाकून पक्ष मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. सप्टेंबर १९७० मध्ये मोंझा येथे सरावाच्या वेळी योखेन रिंड्ट हा लोटसचा शर्यतपटू मरण पावला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याने गाडी आवरली नाही, असे मानले जाते. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. चॅपमनच्या गाड्या नाजूक असतात, हा आक्षेप त्याच्या हयातीतच घेतला जात होता आणि तो निराधार नव्हता. पण यावरून लाघव त्याज्य ठरत नाही. जे आवश्यक तेही काढून टाकणे हे लाघव नव्हे, ती कृपणता. आवश्यक काय आणि अनावश्यक काय, हे ओळखण्याचा विवेक म्हणजे लाघव. म्हणूनच ते अवघड.

आता आमच्या तर्कपंडितांकडे वळू. त्यांतील प्रत्येक जण चॅपमनचे वचन जपमाळेसारखे ओढतो, आणि लगेच पुढील गाडीत काय काय असावे याची यादी वाचू लागतो. अश्वशक्ती चारशेहून अधिक हवी, पडदा मोठा हवा, आसने ऊबदार हवीत, दरवाजे आपोआप मिटावेत, ध्वनियंत्र उत्तम असावे, आणि एवढे सर्व होऊन गाडी एलीझइतकी हलकी असावी! पुढच्या गाडीत काय नसावे, याची यादी करणारा मात्र विरळा. कल्पनेतील गाडीला वजन नसते आणि किंमतही नसते. म्हणून तीत हवे ते भरता येते. खरी गाडी बिचारी तराजूवर चढते आणि या मानसपुत्रीपुढे नेहमीच उणी ठरते. २०२१ मध्ये एमीरा आली. ती कंपनीची शेवटची निव्वळ पेट्रोलवरील गाडी म्हणून जाहीर झाली होती, आणि तिचे वजन सुमारे १४०० किलो, म्हणजे पहिल्या एलीझच्या जवळजवळ दुप्पट. त्याच वर्षी एलीझचे उत्पादन थांबले. २०२२ मध्ये आलेली विजेवरील एलेत्र अडीच टनांच्या घरातील. तराजूच्या एका पारड्यात ती घातली, तर दुसऱ्यात जवळजवळ साडेतीन एलीझ बसतील. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने भारतात पाऊल टाकले, ते हीच एलेत्र पुढे करून. किंमत २ कोटी ५५ लाख रुपयांपासून! सप्टेंबर २०२४ मध्ये ‘थिअरी १’ नावाचा एक नमुना दाखविण्यात आला. त्याची शक्ती सुमारे हजार अश्वांची आणि वजन १६०० किलोंच्या आत ठेवण्याचा संकल्प. ज्या घराण्यात ७२० किलोंची गाडी जन्मली, तेथे १६०० किलो हा संयमाचा आकडा ठरावा, यातच सर्व आले.

भाकितांवर पोसलेला कारखाना कोठे जातो, याचा धडा या कंपनीने पूर्वी एकदा घेतला आहे. २०१० च्या पॅरिस प्रदर्शनात तिने पाच नव्या गाड्यांचे नमुने एकदम मांडले. अनेक वर्षांच्या तर्कवितर्कांस एका दिवसात पाच उत्तरे मिळाली. हौशी मंडळींनी बाजू घेतल्या, वाद रंगले. पण त्या पाचांपैकी एकही गाडी उत्पादनापर्यंत पोहोचली नाही, आणि तो बेत आखणारे मुख्याधिकारी २०१२ मध्ये पदावरून गेले. मधल्या काळात कारखान्याची चूल कशावर पेटत होती? ज्यांच्याविषयी कोणी भाकीत करीत नव्हते, त्या जुन्या गाड्यांवर. पुढे २०१४ नंतर ज्याँ-मार्क गालेस यांच्या कारकिर्दीत त्याच गाड्यांतून किलो-किलो वजन उतरविण्याचा क्रम सुरू झाला. त्या कामात नाट्य नव्हते, म्हणून त्याची चर्चाही थोडी झाली. येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसणारा आजची गाडी घेत नाही. आणि आजची गाडी खपली नाही, तर येणारी कोणाच्या पैशाने यावी, हा व्यवहार त्याला सुचत नाही.

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे मात्र विचारार्ह आहेत. पहिला असा, की अपघातासंबंधीच्या आजच्या नियमांमुळे हलकी गाडी करणेच अशक्य झाले आहे. नियमांनी वजन वाढविले, हे खरे. पहिली एलीझ २००० च्या सुमारास थांबविण्यामागे युरोपातील नवे नियम हे एक कारण होतेच. परंतु तिची दुसरी आवृत्ती त्या नियमांत बसूनही आठशे किलोंच्या आत राहिली. फ्रान्समधील आल्पीनची ए ११० ही २०१७ ची गाडी, आधुनिक नियमांनी पुरती बांधलेली. तिचे वजन ११०० किलोंच्या आसपास. जे डिएप येथील कारखान्यास साधले, ते हेथेलला अशक्य का असावे?

दुसरा मुद्दा असा, की हलक्या गाडीला गिऱ्हाईक नाही, आणि कंपनीला जगायचे आहे. याला उत्तर जपानने दिले आहे. माझदा कंपनीने १९८९ मध्ये एमएक्स-५ नावाची लहान, उघडी, दोन आसनांची गाडी काढली. तिचे प्रेरणास्थान कोणते? चॅपमनची १९६२ ची एलान! २०१६ मध्ये या गाडीची दहा लाखावी प्रत बाहेर पडली. त्याच्या आदल्या वर्षी आलेली तिची चौथी आवृत्ती तिसरीपेक्षा सुमारे शंभर किलोंनी हलकी होती. एलीझ मात्र पंचवीस वर्षांत सुमारे ३५ हजारच खपली. माझदाची गाडी स्वस्त होती आणि तिच्यामागे मोठा कारखाना होता, हा भेद आम्ही विसरत नाही. पण लाघवाला बाजारच नाही, हे विधान या आकड्यापुढे टिकत नाही. वडिलांची पेढी परक्याने चालवून दाखवावी आणि मुलांनी माडीवर बसून पुढच्या इमारतीचे नकाशे रंगवावेत, तसे हे झाले!

मोटारीचा हा विषय वाङ्मयाच्या मासिकात कशाला, असे कोणा वाचकाच्या मनात आले असेल. ‘लाघव’ हा शब्द यंत्रशाळेतून आलेला नाही, तो व्याकरणशाळेतून आला आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी आपल्याकडे उक्तीच आहे. पाणिनीने अवघी संस्कृत भाषा सुमारे चार हजार सूत्रांत बांधली, ती ‘आणखी काय घालावे’ असे विचारून नव्हे. काय गाळले तरी अर्थ ढळणार नाही, हे पदोपदी तपासून. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही अध्यापकाला ठाऊक आहे, की ज्याला विषय कळला नाही तो पुरवणी मागतो. पुस्तकांच्या व्यवहारातही हीच स्थिती. लेखकाची आगामी कादंबरी कशी असेल याची चर्चा करणारे पुष्कळ, आणि गेल्या वर्षीची वाचलेले थोडे. जे हाती आहे त्याचा आस्वाद घेण्यास श्रम पडतात, जे यायचे आहे त्याविषयी बोलण्यास पडत नाहीत. रसिकतेची जागा कुतूहलाने घेतली, की कला आणि कारागिरी या दोहोंना सारखाच धोका संभवतो.

हा धोका काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने ब्रिटनमधील सुमारे ५५० नोकऱ्या कमी करण्याचा बेत जाहीर केला. त्याला जकात, बाजार, मालकांची धोरणे अशी अनेक कारणे असतील, आणि त्याचे खापर हौशी मंडळींच्या माथी फोडण्याइतके आम्ही अविचारी नाही. पण ॲल्युमिनियम चिकटवून ६८ किलोंचा सांगाडा घडविण्याची विद्या पुस्तकात राहत नाही, ती माणसांच्या हातांत राहते. ते हात एकदा पांगले, की पुढील गाडीविषयी कितीही अचूक भाकीत केले तरी ती घडविणार कोण?

म्हणून या मंडळींना आमचे सांगणे एवढेच, की बोलायचेच असेल तर प्रश्न बदला. गाडीत काय असेल हे विचारू नका. काय नसले तर चालेल हे सांगा, आणि सांगितलेले पत्करा. ऊबदार आसन नको म्हणणाऱ्याने थंडीत गारठण्याची, आणि शंभर अश्व कमी चालतील म्हणणाऱ्याने सरळ रस्त्यावर मागे पडण्याची तयारी ठेवावी. अशी शंभर माणसे कारखानदारापुढे पैसे घेऊन उभी राहिली, तर त्यांचे म्हणणे हजारो भाकितांहून त्याला अधिक स्पष्ट ऐकू येईल. ती तयारी नसेल, तर चॅपमनचे वचन तरी भिंतीवरून उतरवून ठेवावे. तेवढेच वजन कमी होईल.